उपरण्याखालचा दर

कंदाहारी डाळिंबांची पहिली पेटी घरात आली की त्या दिवशी कुणी कुणाशी भांडायचं नाही, असा चनमल्लप्पांचा, म्हणजे अप्पांचा, दंडक होता. जे काय भांडायचं ते उपरण्याखाली. अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली तरी शुक्रवार पेठेतल्या त्या घरात दंडक जागेवर होता, आणि म्हणूनच शहात्तर सालच्या दसऱ्याआधीच्या गुरुवारी सकाळपासून कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. भांडायचं नाही म्हटल्यावर या माणसांना दुसरं बोलायला तरी काय होतं म्हणा.

जगदेवीनं, म्हणजे थोरल्या सुनेनं, ट्रंकेतनं अप्पांचं उपरणं काढलं आणि तिचा हात थबकला. दोन वर्षं डांबराच्या गोळ्यांत पडलेलं कापड, पण मधली घडी ऊबदार लागत होती. आत्ताच कुणीतरी खांद्यावरनं काढून ठेवलं असावं तशी. आश्विनातलं ऊन, पत्र्याची ट्रंक, तापलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. मग ट्रंकेच्या पत्र्याला हात लावून बघितला. पत्रा गार होता.

तिनं उपरणं तसंच छातीशी धरलं आणि माजघरात आली. कुणाला काही बोलली नाही. न बोलण्याची सवय तिला दोन वर्षांत चांगलीच झाली होती.

हा परदेशचा ताजा माल म्हणजे लहरी पाहुणा. कंदाहारहून विमानानं अमृतसर, तिथनं रेल्वेनं मुंबई, मुंबईहून सोलापूर. दहा-बारा दिवसांच्या वाटेत कुठली पेटी कुठं घामेजली ते वरनं कळत नाही. मुंबईवाल्यांकडनं थोरला मुलगा शिवलिंगप्पा, जगदेवीचा नवरा, माल उचलायचा. निम्मा सोलापुरात खपायचा आणि उरलेला सांगोला, वैराग अशा गावांना कमिशनवाले घेऊन जायचे. त्यांना शेकडा किती द्यायचे आणि वाटेत नासलेलं फळ कुणाच्या डोक्यावर घालायचं, ते हंगामाच्या पहिल्या पेटीवर ठरायचं.

ठरायचं ते असं. पेटीवर अप्पांचं उपरणं पसरायचं. हात घेणाऱ्यानं डोळे मिटून आपला हात खाली सरकवायचा, आणि चौघांनी एकेक करून बोटांनी आकडा सांगायचा: दोघे भाऊ, अप्पांची विधवा बहीण निलव्वा, कारण धंद्यात तिचा चार आणे वाटा होता, आणि सगळ्या कमिशनवाल्यांच्या वतीनं एक जण. पंजा धरला की पाच. पंजा सोडून वर एक बोट धरलं की सहा, तीन धरली की आठ. शेवटी मूठ मिटली तर नासाडी दुकानाची, हात उघडा ठेवला तर नेणाऱ्याची. घेणाऱ्यानं चारी हात पोटात ठेवायचे आणि त्याला न्यायाचा वाटेल तो एकच आकडा मोठ्यानं बोलायचा. कुणी किती दिले ते मरेपर्यंत सांगायचं नाही. कळलं की घर फुटतं, असं अप्पा म्हणायचे. बाजार समितीनं लिलावातली ही रीत कधीच बंद केली होती, पण घरातलं उपरणं कोण बंद करणार?

हात घ्यायचं काम सुनेकडं कसं आलं, तर अप्पांच्या अंगावरनं वारं गेलं. वाचा गेली, उजवी बाजू गेली, राहिला तो डावा हात. जगदेवी आठ महिने त्या लुळ्या अंगाला नीलगिरीचं तेल चोळत होती, आणि तेवढ्या दिवसांत म्हाताऱ्यानं तिला बोटांची सगळी भाषा शिकवली. आधी तिच्या मनगटावर अंगठ्यानं दोनदा टकटक करायचे, म्हणजे ऐक. मग बोटं. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस वळव. पोटची पोरं समोर उभी राहून काय पाहिजे, काय पाहिजे म्हणून ओरडायची आणि म्हातारा सुनेच्या हातात हात घालून शांत पडायचा.

आता जे तिनं दोन वर्षं पोटात ठेवलं होतं ते सांगून टाकलेलं बरं. त्या शेवटच्या आश्विनात पेटी अप्पांच्या खाटेशी आणली होती. शिवलिंगप्पाचं म्हणणं होतं की यंदा मुंबईचा भाव चढलाय, कमिशनवाल्यांना आठावरनं सहावर आणावं आणि नासाडी त्यांच्याच गळ्यात घालावी. सगळ्यांनी अप्पांना हात दिले, आणि मग निकाल मोठ्यानं बोलायला म्हणून अप्पांनी चादरीखाली आपला डावा हात जगदेवीला दिला. पंजा. मग तीन. मग मूठ. आठ, आणि नासाडी आपली. जगदेवीनं डोळे उघडले तर समोर नवरा उभा.

या शिवलिंगप्पाला बापानं उभ्या आयुष्यात एकदाही बरोबर म्हटलं नव्हतं. तुला फळ कळतं, माणूस कळत नाही, असं चार लोकांत म्हणायचे. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, कानशिलावर केस पिकलेले, आणि खाटेच्या पायथ्याशी ओठ कोरडे करून निकालाची वाट बघत होता. जगदेवीला त्याची इतकी दया आली की तिच्या तोंडून निघून गेलं, "सहा. नासाडी नेणाऱ्याची."

तो परसात जाऊन रडला. संध्याकाळी पेढे आणले. अप्पांनी शेवटी माझं ऐकलं, असं तो तेव्हापासून येईल त्याला सांगत होता.

आणि अप्पा? ते चार दिवस जगले. चारही दिवस तिचा हात सापडला की तेच. टकटक, पंजा, तीन, मूठ. टकटक, पंजा, तीन, मूठ. पाणी मागितलं नाही, कूस मागितली नाही. शेवटी तिनं जवळ जायचंच टाळलं, आणि त्याचंच तिला आयुष्यभराचं लागून राहिलं. गेले तेव्हा डाव्या हाताची तीन बोटं सरळ राहिली होती, ती काही केल्या मिटेनात. रुद्रभूमीत पुरताना त्यांना लिंगायतांच्या रीतीप्रमाणे बसवलं, हात मांडीवर ठेवले, तरी बोटं तशीच. स्वामी म्हणाले, ही विभूतीची तीन बोटं, केवढा पुण्यवान जीव. सगळ्यांनी हात जोडले. जगदेवीला तेवढं माहीत होतं की हा आठातला उरलेला तीन आहे.

वर्षाच्या आत उपरणं पसरायचं नसतं म्हणून गेल्या साली सहाच चालू राहिले. आज ते पुन्हा पसरायचं होतं.

सकाळी शिवलिंगप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच सांगून गेला, की गुरुलिंग पाचावर आणायचं म्हणतोय, पण तू सहावरच ठेव. सहा म्हणजे अप्पांचा शेवटचा शब्द आहे, तो मी खाली येऊ देणार नाही. असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जगदेवी भाकरी थापत होती, ती फाटली.

थोड्या वेळानं गुरुलिंग, धाकटा दीर, आत आला. तो आठवडाभर निलव्वा आत्याच्या मागं-पुढं करत होता. तिला सिद्धेश्वराला टांग्यानं काय नेलं, चष्म्याची काडी काय बसवून आणली. मागच्या उपरण्याला आत्या थोरल्याकडं होती, यंदा ती कुणाची ते तिलाच ठाऊक. गुरुलिंगचा हिशेब सरळ होता. वैरागच्या भीमानं पाच टक्क्यांत माल उचलायची तयारी दाखवलीय, मग सांगोल्याच्या बिरदेवला सहा का द्यायचे? भीमा नासकी फळं चांगल्यांत मिसळून विकतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तेवढं कोण बघतंय, वैनी, असं तो म्हणाला.

कमिशनवाल्यांच्या वतीनं हात देणारा बिरदेव साडेअकराच्या सुमाराला आला. सांगोल्याकडचा धनगर, मेंढरं सोडून अप्पांच्या नादानं फळांत पडलेला, वीस वर्षं घराशी जोडलेला माणूस. एरवी तो चपला काढून थेट माजघरात यायचा. आज उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, खांद्यावर रिकामी गोणी. आत ये म्हटलं तर मानेनं नको म्हणाला. जगदेवीनं पाण्याचा तांब्या नेऊन दिला, तेव्हा मात्र तो बोलला, तेही तिच्याकडं न बघता.

"चाळीस फळाच्या पेटीत धा-बारा नासत्यात, वैनी. यष्टीच्या टपावर अजून दोन. दोन वरसं आमच्या शेरडांनी कंदाहारी डाळिंबं खाल्ली, पोरांनी न्हाय. आमची म्हाळसा म्हणती, पाटी ठिवा ती खाली. आज पाच-सहा कायबी झालं तर ठिवनार हाय."

तू भांडला का नाहीस, एवढंच जगदेवीनं विचारलं.

"दुसऱ्या कुनी दिलं असतं तर भांडलो असतो की. मालकांनी सोता दिलं. मरता मरता त्यांनी माझ्या पोटावर पाय दिला, ह्ये कुनापुढं सांगायचं? तवापास्नं मी त्यांच्या जागंवर गेलो न्हाय."

तिनं तांब्या परत घेतला. तिला वाटलं इथंच सांगावं. पण मागं माजघरात नवरा पेटीवरची दोरी सोडत होता आणि अप्पांची आठवण काढत होता. आजही सहाच म्हणायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. एक खोटं जपायचं तर दुसरं बोलावं लागतंच.

पेटीची फळी निघाली तसा सगळ्यांनी श्वास आत ओढला. पहिल्या पेटीचा तो गोडसर, ओल्या भुशाचा वास त्या घराला दसऱ्याच्या आधी दसरा वाटायचा. आज तो आला नाही. नीलगिरीचा आला. गुरुलिंग म्हणाला, मुंबईच्या गोदामात औषध मारत असतील. शिवलिंगप्पानं एक फळ उचलून हुंगलं आणि परत ठेवलं. आत्यानं पदर नाकाला लावला, आणि जगदेवीनं आपले तळवे लुगड्याला पुसले, कारण वास तिथनंच आल्यासारखा वाटत होता.

मग तिनं उपरणं पसरलं, पेटीपुढं मांडी घातली आणि डोळे मिटले. तेवढ्यात गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. भोंगा संपल्यावर एरवी पेठ पुन्हा आवाज करायला लागते, सायकली, हातमाग, पोरं. आज काही ऐकू आलं नाही. भर दुपारी सगळी गल्ली कान देऊन बसल्यासारखी गप्प झाली.

पहिला हात आला तो शिवलिंगप्पाचा, अंगठीवरनं तिनं ओळखला. पंजा, एक. हात उघडा. दुसरा गुरुलिंगचा, घामट, घाईचा. नुसता पंजा, उघडा. तिसरा सुकलेला, बिनबांगड्यांचा, आत्याचा. पंजा, आणि मग जरा थांबून एक बोट. म्हणजे म्हातारी टांग्यात बसली होती, पण विकली गेली नव्हती.

आता बिरदेव. जगदेवी वाट बघत राहिली. आत यायला वेळ लागेल, चपला काढेल, असं ती मनात म्हणाली. मग उपरण्याची कड हलली, आणि तिच्या मनगटावर अंगठ्यानं दोनदा टकटक झालं.

तिनं हात मागं घ्यायला पाहिला. घेता येईना. धरणारा हात काही जोर लावत नव्हता, पण सुटत नव्हता. गार होता, तेलकट होता, आणि अंगठा उलट्या बाजूला होता. डावा हात. त्यानं तिचा पंजा धरला. सोडला. तीन बोटं धरली, एकेक करून. मग तिच्या तळव्यात मूठ मिटली आणि तशीच राहिली. तिला भीती तर वाटलीच, पण त्याच्याही खाली दुसरं काहीतरी वाटलं. हा हात रागावलेला नव्हता. दमलेला होता. चार दिवस एकच गोष्ट सांगून सांगून दमला होता, तसाच.

"बोला की, वैनी," गुरुलिंग म्हणाला.

तिनं डोळे उघडले. मूठ गेली होती. समोर नवरा, दीर, आत्या, तिघांचेही हात आपापल्या मांडीवर. आणि बिरदेव अजून उंबऱ्याच्या बाहेरच, पायात चपला, दोन्ही हातांत गोणी धरलेली.

"बिरदेवा, तू हात दिलास?"

"म्या न्हाय दिला, वैनी. देनारबी न्हाय."

बरं झालं, तीनच हात, सोपं काम, असं काहीसं गुरुलिंग बोलायला लागला. जगदेवीनं त्याला बोलू दिलं नाही.

"चार आले," ती म्हणाली. "चौथा डावा होता."

आत्याच्या तोंडून अय्यो शिवा एवढंच निघालं. गुरुलिंग हसायला गेला, पण त्याला हसू पुरलं नाही. शिवलिंगप्पा बायकोकडं बघत राहिला. तिनंही त्याच्याकडंच बघून सांगितलं, कारण जे सांगायचं होतं ते त्यालाच होतं, बाकीचे नुसते बसले होते.

"आठ. नासाडी दुकानाची. त्या सालीबी आठच दिले होते त्यांनी. मी सहा सांगितले. अप्पांनी नाही, मी."

पेटीतलं एक फळ आपोआप सरकलं आणि दुसऱ्यावर टेकलं.

"मूठ?" शिवलिंगप्पानं विचारलं.

"मिटली होती."

"तेव्हाबी?"

"तेव्हाबी. चार दिवस तेच सांगत होते. ती तीन बोटं विभूतीची नव्हती."

त्यानं मान खाली घातली. त्याच्या आयुष्यातली एकुलती एक जमेची गोष्ट तिनं चार लोकांत काढून घेतली होती, आणि हे दोघांनाही कळत होतं. तिला वाटलं तो उठेल, हात उगारेल, निदान का म्हणून विचारेल. त्यानं विचारलं नाही. का ते त्याला न सांगता समजलं असावं, आणि तेच जास्त वाईट झालं.

गुरुलिंगला आता धीर आला. मेलेल्या माणसाचा हात कुठल्या रिवाजात बसतो, वैनीला भास झाला असेल, सकाळपासून उपाशी आहे, धंदा असा चालतो का, असं तो आत्याकडं बघून बोलत सुटला. आत्यानं त्याच्या बाजूनं मान हलवली नाही. ती म्हणाली की हात मोजायचे असतात, माणसं नाही. माझ्या भावानंच तसं ठेवलंय. आणि मी सहा दिले होते, तेही आता मागं घेतले. रीत मोडून तिनं आपला आकडा सांगितला तेव्हा गुरुलिंग गप्प झाला.

"आठ," शिवलिंगप्पा शेवटी म्हणाला. "अप्पांनी दिलेत."

उंबऱ्यावर बिरदेव उभा होता. त्यानं गोणी खाली ठेवली. मग चपला काढल्या, आत आला, आणि पेटीपुढं न थांबता भिंतीवरच्या अप्पांच्या फोटोखाली जाऊन डोकं टेकलं. बराच वेळ तो उठला नाही. उठला तेव्हा आठ टक्क्यांचं नाव काढलं नाही, पेटीतलं एक डाळिंब मागितलं. जगदेवीनं चांगलं निवडून दिलं. ते धोतराच्या सोग्यात बांधून तो निघाला, आणि यष्टी स्टँडकडं वळायच्याऐवजी रुद्रभूमीच्या रस्त्याला लागला.

गुरुलिंग गाळ्यावर गेला. आत्या पडवीत आडवी झाली. गल्लीत पुन्हा माग वाजायला लागले होते. जगदेवी चूल विझवून माजघरात आली, तर शिवलिंगप्पा पेटीपुढं तिच्याच जागेवर मांडी घालून बसला होता. डोळे मिटलेले, आणि हात उपरण्याखाली.

ती दाराशी उभी राहिली. तो नुसता तळवा वर करून वाट बघत होता. नीलगिरीचा वास निघून गेला होता. आता डाळिंबांचाच येत होता, खरा. येणारं येऊन गेलं होतं, आणि ते याच्यासाठी आलंच नव्हतं, हे तिला कळलं. त्यालाही हळूहळू कळत असावं. तरी तो हात काढीना.

तिच्या मनात आलं, किती सोपं आहे. समोर बसायचं. बांगड्या मागं सारायच्या. डावा हात घालायचा, अंगठ्यानं दोनदा टकटक करायचं, आणि पाठीवरनं फिरवावा तसा तो हात त्याच्या तळव्यावरनं एकदा फिरवायचा. तो आयुष्यभर सुखी राहील. कुणाला कळणार नाही. बोटांची ती भाषा आता जगात तिच्याशिवाय कुणाला नीट येत नव्हती.

ती समोर जाऊन बसली. उपरण्याची कड उचलली, आणि उजवाच हात आत घातला, बांगड्यांसकट. त्या चांगल्या वाजल्या. त्यानं डोळे उघडले नाहीत, पण कुणाचा हात आहे ते त्याला समजलं, आणि त्यानं तो धरून ठेवला.